उशिरास खुलं पत्र: केस पेपरवर तुझं नाव कुठं आहे?

उशिरा,

बाळंतपणात बाई गेली की कागदावर कारण लिहावं लागतं. अतिरक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग, असं काहीतरी लिहून खाली सही होते. नोकरीची सगळी वर्षं मी लेबर रूममध्ये काढली, आधी ग्रामीण रुग्णालयात आणि पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी. त्या रकान्यात तुझं नाव लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. तू मात्र प्रत्येक वेळी हजर होतास. डॉक्टर नसत, रक्त नसे, गाडी नसे, तू असायचास. म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. आरोपीचं नाव एकदा तरी चारचौघांत घेतलं जाऊ दे.

तुझी भाषा मोठी सभ्य असते. 'मरू दे तिला' असं तू कधीच म्हणत नाहीस. तू म्हणतोस, 'पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच.' 'उजाडू दे, मग बघू.' 'तिच्या मालकांना येऊ दे, सही लागेल.' 'साहेबांना फोन लावलाय.' 'थोडं जास्त जातंय अंगावरून, थांबेल.' 'आमच्याकडं भूल देणारे नाहीत, पुढं न्या.' यातलं एकही वाक्य खोटं नसतं. म्हणूनच ते बोलणाऱ्याला आपण कुणाच्या जिवाशी खेळतोय असं वाटत नाही, आणि तुला तेच हवं असतं.

तुझी ओळखपरेड होऊन तीस वर्षं उलटून गेली. 1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायांनी तुला तीन ठिकाणी पकडून दाखवलं होतं: घरात निर्णय होईपर्यंत, रस्त्यात दवाखाना येईपर्यंत आणि दवाखान्यात हात लागेपर्यंत. जगभरच्या नर्सिंग कॉलेजांत हे शिकवतात, आमच्याही परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा. परीक्षेत उत्तर लिहून आम्ही ड्यूटीवर जायचो आणि तू दारातच उभा असायचास.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 साली जगात सुमारे 2 लाख 60 हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या, म्हणजे साधारण दर दोन मिनिटांना एक. आपल्याकडचा आकडा उतरतो आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. 2004-06 मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागं 254 माता जात होत्या, 2018-20 मध्ये 97. महाराष्ट्रात त्याच काळात 130 वरून 33. हे आपोआप झालेलं नाही. चिखल तुडवत घरोघर जाणाऱ्या आशाताई, रात्री दोन वाजता गाडी काढणारे 108 चे ड्रायव्हर, 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त, जेवण आणि येणं-जाणं फुकट करणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, आणि ज्यांची नावं कुठंच छापून आली नाहीत अशा माझ्या कितीतरी सिस्टर, या सगळ्यांनी तो आकडा ओढून खाली आणला.

पण त्यातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आली, आणि आमच्या ती फार उशिरा आली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणं महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. आम्ही बायकांना घरातून बाहेर काढलं, 'दवाखान्यात या, तिथं जीव वाचेल' असं सांगितलं. त्या आल्या. तूही आपलं बिऱ्हाड हलवलंस आणि दवाखान्यात राहायला आलास.

घरातला आणि रस्त्यातला तू अजून संपलेला नाहीस, हे मान्य. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नंदुरबारच्या धडगाव भागात, पालघरच्या डोंगरपाड्यांवर आजही कळा सुरू झालेल्या बाईला झोळी करून खाली आणावं लागतं. पण पूर दरवर्षी येतो आणि बाईचे दिवस कधी भरणार हेही आधी कळतं. दोन तारखा जुळवून तिला आठ-दहा दिवस आधी आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणून ठेवायचं, एवढाच हिशोब आहे. माहेरघर योजना महाराष्ट्रात कधीपासून आहे. जिथं त्या खोलीत गादी, पंखा, बरोबरच्या माणसाचं जेवण आणि घरी राहिलेल्या पोरांची सोय असते, तिथं बाया येऊन राहतात. जिथं खोलीला कुलूप असतं, तिथं तू राहतोस.

मला जास्त बोलायचंय ते दवाखान्यातल्या तुझ्याबद्दल.

पूर्ण दिवसांच्या गर्भपिशवीकडं मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. बाळ झालं, वार पडली की पिशवी मुठीसारखी आवळली पाहिजे. ती आवळली नाही, सैल राहिली, तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. आणि तुझी सगळ्यांत मोठी चलाखी इथं चालते. तरुण बाईचं शरीर शेवटपर्यंत तग धरतं. नाडी वाढत जाते, तळहात गार पडतात, ती 'पाणी द्या' म्हणत राहते, पण बीपी बराच वेळ ठीक दिसतं. कुणीतरी आकडा बघतं आणि म्हणतं, 'बीपी नॉर्मल आहे की.' मग एकदम बीपी लागत नाही. तोवर तिचं बरंचसं रक्त खालच्या कापडात, गादीत आणि फरशीवर गेलेलं असतं.

किती गेलं? आम्ही नजरेनं सांगायचो. 'दोन-अडीचशे असेल सर.' कापड भिजलं म्हणजे किती, ट्रे अर्धा भरला म्हणजे किती, त्यात गर्भजल किती, हे रात्री तीन वाजता एका टेबलावर टाके चाललेत, शेजारच्या टेबलावर दुसरी कळा देतेय, अशा वेळी कुणाला सांगता येणार? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर यावरच काम केलं. बाळ झालं की बाईच्या खाली सरकवायची एक प्लास्टिकची नरसाळ्यासारखी पिशवी त्यांनी वापरली. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. रक्त पिशवीत उतरतं आणि रेघ बघून किती गेलं ते सांगता येतं. नजरेचा अंदाज आणि पिशवीतलं माप ताडून पाहिलं, तेव्हा नजर एक तृतीयांश कमी सांगत होती. तू नेमका त्या एक तृतीयांशात लपून बसतोस.

त्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत 2002 ते 2005 या काळात एएनएम सिस्टरांनी 1620 बाळंतपणांत आणखी एक गोष्ट सिद्ध केली. बाळ झाल्या झाल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडानं दिल्या तर अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याचा हा अभ्यास नव्हता. कोल्हापूरहून सकाळी एसटीनं निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोचता येईल अशा गावांतलं हे काम.

आणि 2023 साली तुझं आणखी एक बिंग फुटलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर एक चाचणी झाली. तीच रेघांची पिशवी, आणि रेघ ओलांडली की एकामागून एक न थांबता सगळं एकदम करायचं: पोटावरून गर्भपिशवी चोळायची, गर्भपिशवी आवळायचं इंजेक्शन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, आतली तपासणी, आणि तरी थांबलं नाही तर वरच्याला हाक. आधी एक करून बघू, मग दुसरं, मग तिसरं, या तुझ्या पद्धतीला तिथं जागाच ठेवली नव्हती. जिथं हे केलं तिथं शंभरातले 93 अतिरक्तस्राव वेळेत ओळखले गेले. जिथं जुन्या पद्धतीनं चाललं तिथं 51. लिटरभर रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा रक्त जाऊन मृत्यू होणं, हे सगळं मिळून साठ टक्क्यांनी घटलं. औषधं दोन्हीकडं तीच होती. फरक तू होतास.

मी काम केलं त्या लेबर रूममध्ये ती पिशवी कधी आली नाही. मागणी केली होती. तिच्यावर तू बसलास.

तू फक्त जीपमध्ये आणि वॉर्डात असतोस असं लोकांना वाटतं. तू ज्ञानाच्या वाटेवरही बसतोस. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध जपानच्या उताको ओकामोटो या डॉक्टर बाईंनी नवऱ्याबरोबर शोधलं, 1962 साली. बाळंतिणींचं रक्त थांबवायला ते वापरून बघा, असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. अखेर 20,060 बायकांवर 21 देशांत चाचणी झाली आणि 2017 साली निकाल आला: तीन तासांच्या आत दिलं तर रक्त जाऊन होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतात. ओकामोटोबाई 2016 साली गेल्या, निकालाच्या एक वर्ष आधी. आणि पुढं हेही दिसलं की या औषधाला प्रत्येक पंधरा मिनिटं उशीर झाला की त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. तुझी किंमत इतकी नेमकी मोजून मिळालेली दुसरी जागा मला माहीत नाही.

आता तुझ्या सगळ्यांत लाडक्या कागदाकडं येते. रेफरची चिठ्ठी.

ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक पायरीवर एक चिठ्ठी जोडली जाते. शेवटच्या ठिकाणी बाई आमच्या हातात यायची तेव्हा नातेवाइकाच्या मुठीत घामानं मऊ झालेली तीन-चार कागदांची गड्डी असायची. वर लिहिलेलं असायचं, 'पुढील उपचारासाठी वरिष्ठ रुग्णालयात पाठवले.' नाव आहे, वय आहे, कितवी खेप ते आहे. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, बीपी किती वाजता मोजलं, गाडी किती वाजता निघाली, हे नाही. कुणाला फोन केला, तेही नाही, कारण फोन केलेलाच नसायचा. बाई दारात उतरली की मग तिचं आम्हाला कळायचं. मग भूल देणाऱ्यांना घरी फोन, रक्तपेढीकडं माणूस, नातेवाइकांना 'रक्तदाते आणा'. ज्या तासाभरात ती गाडीत होती, त्या तासात हे सगळं होऊन राहिलं असतं.

झटके आलेल्या बायकांचं तर मला आजही विसरता येत नाही. गरोदरपणात बीपी वाढून झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं असतं. 2002 सालच्या मॅगपाय चाचणीत तेहतीस देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवर हे पाहिलं गेलं की बीपी वाढलेल्या बाईला हे औषध दिलं तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्या सरकारी सूचनांत स्पष्ट लिहिलंय: पुढं पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमचं इंजेक्शन द्या, मग पाठवा. सिस्टरला ते देता येतं, त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही. तरी बाई इंजेक्शनाशिवाय यायची, वाटेत दोनदा झटका येऊन, जीभ चावलेली, ओढणी तोंडात कोंबलेली. 'का नाही दिलं?' विचारलं तर उत्तर यायचं, 'इथं काही झालं असतं तर?' हे वाक्य तू शिकवलेलं आहेस. 'इथं काही होऊ नये' म्हणून बाईला गाडीत घालून दिलं जातं.

पैशाच्या खिडकीवरही तू बसतोस. 2025 च्या एप्रिलमध्ये पुण्यात जुळं पोटात असलेल्या एका बाईच्या उपचारांआधी मागितलेल्या अनामत रकमेवरून केवढं वादळ उठलं, चौकश्या बसल्या, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्यातला दोष चौकशांनी ठरवावा. मी एवढंच म्हणते की बाळंतपणाच्या दारात आधी पावती आणि मग बीपी, हा क्रम कुठल्याही दवाखान्यात असू नये, फुकटच्या नाही आणि लाखाच्याही नाही.

आणि घाई? तीही तुझ्याच घरातली. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सीझरनं होतात आणि सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के, असा आकडा आहे. जिला गरज नाही तिला दुपारी चार वाजता टेबलावर घेतलं जातं. जिचं बाळ आडवं आहे तिला रात्री दोन वाजता सांगतात की भूल देणारे उद्या दहाला येतात.

तुला हरवायला आम्ही काहीच केलं नाही असं नाही. उत्तर प्रदेशात 120 दवाखान्यांत सुरक्षित बाळंतपणाची यादी लावून दीड लाखाहून जास्त मातांवर फार मोठा अभ्यास झाला. हात धुतले का, बीपी मोजलं का, अशा खुणा करायच्या. सिस्टरांना शिकवायला माणसं दिली होती. सिस्टरांनी कामं पूर्वीपेक्षा नीट केली, हे दिसलं. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. 2017 साली हा निकाल आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. यादीवर खूण झाली तरी रक्त नसेल, सीझर करणारं कुणी नसेल आणि गाडी नसेल, तर तुला त्या यादीची भीती का वाटावी?

तुला खरी भीती कशाची वाटते ते मी केरळकडं बघून शिकले. 2004 पासून तिथं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं डॉ. व्ही. पी. पैली यांच्या पुढाकारानं एक रीत घातली. माता मृत्यूचा प्रत्येक केस पेपर नाव, गाव आणि दवाखाना झाकून तज्ज्ञांसमोर ठेवायचा आणि मिनिटामिनिटानं वाचायचा. कुणाला लटकवायचं नाही, कुठं वेळ गेला ते शोधायचं. जे सापडलं ते छापायचं आणि त्यावरून सगळ्यांना शिकवायचं. इंग्लंड-वेल्समध्ये हे 1952 पासून चालत आलंय. 2018-20 मध्ये केरळचा माता मृत्यूचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागं 19 होता.

आपल्याकडं बाई गेली की पहिली हाक येते ती 'केस पेपर नीट करून घ्या' अशी. मी ती ऐकली आहे. बाहेर नातेवाइकांचा आक्रोश, दगड यायच्या बेतात, आत साहेब घाबरलेले. सकाळी कुणीतरी निलंबित होणार आणि ती बहुधा रात्रपाळीची सिस्टर असणार, हे सगळ्यांना ठाऊक. मग वेळा जुळवल्या जातात. नऊ चाळीसला पोचलेला डॉक्टर कागदावर नऊला पोचतो. ते कागद जुळले की तू सुटलास, आणि पुढच्या बाईला तोच उशीर पुन्हा होतो. निलंबनानं लोक सुधारतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रात्र आमच्याबरोबर काढावी. निलंबनाच्या भीतीनंच लोक 'पुढं न्या' म्हणतात.

आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्या पोरीनं समुद्र ओलांडला, 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टरकी मिळवली आणि प्रबंधाचा विषय घेतला प्रसूतिशास्त्र. तुझ्याशी पहिला दावा आमच्यातल्या एका बाळंतिणीनं मांडला होता. तो दावा अजून चालू आहे, आणि मी त्यातली साक्षीदार आहे.

म्हणून आता मागते ते सगळं तुझ्या विरोधात मागते. रेफरच्या चिठ्ठीवर तीन रकाने छापा: इथून किती वाजता निघाली, तिथं किती वाजता पोचली, पहिला हात किती वाजता लागला. चौथा रकाना फोनचा, कुणाशी बोलणं झालं त्याचं नाव. फोन झाल्याशिवाय, पहिलं इंजेक्शन दिल्याशिवाय आणि एक सिस्टर बरोबर असल्याशिवाय गाडी हलू नये. प्रत्येक लेबर रूममध्ये रेघांची पिशवी असावी, आणि रेघ ओलांडली की सिस्टरनं फोनची वाट न बघता औषधं द्यावीत, त्यासाठी तिला नंतर कुणी जाब विचारू नये. सीझर होतं असं ज्या रुग्णालयाच्या पाटीवर लिहिलंय, तिथं रात्री भूलतज्ज्ञ आणि दोन पिशव्या रक्त नसेल तर त्या रात्रीपुरती ती पाटी झाका आणि 108 ला तसं कळवा, म्हणजे गाडी सरळ पुढं जाईल आणि बाईचा तासभर वाचेल.

जिल्ह्याच्या माता मृत्यू आढावा बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर गेलेल्या बाईच्या घरच्यांना बसवून त्यांचं ऐकायचं, असं केंद्राच्या सूचनांतच आहे. फार थोड्या घरांना हे माहीत असतं. बहुतेकांना निरोप जातो तेव्हा तेराव्याची गडबड असते, नाहीतर बैठक कुठं आहे ते कुणी सांगत नाही. आमच्या तालुक्यात यापुढं तो निरोप घेऊन मी स्वतः जाणार आहे. घड्याळ कधी थांबलं, गाडीत काय झालं, दारात किती वेळ उभं राहावं लागलं, हे त्यांच्याकडून लिहून घेणार आहे आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे. केस पेपरवरची वेळ आणि त्यांनी सांगितलेली वेळ यांत जिथं अंतर पडेल, तिथं तुझं नाव लिहा, असा आग्रह धरणार आहे.

लेबर रूममधली एक निवृत्त सिस्टर